गरम झाल्यावर भरकटणारा बोर्ड: हीटसिंकच्या आधी नॅनोसेकंद मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर लगेच ध्यानात येईल. बोर्ड ८०८५ए-२ या आठ-बिट प्रोसेसरवर आहे, क्रिस्टल १० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आतला क्लॉक ५ मेगाहर्ट्झ. एप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी मेमरी-चिप) २७सी२५६, २५० नॅनोसेकंदांचा, म्हणजे पत्ता मिळाल्यापासून डेटा द्यायला तो जास्तीत जास्त इतका वेळ घेतो. रॅम १०० नॅनोसेकंदांची. सोबत ८२५५ (समांतर पोर्टची चिप), ८२५१ (सीरियल पोर्टची चिप) आणि रिबन केबलने जोडलेलं दुसरं कार्ड. टेबलावर उघडा ठेवला तर बोर्ड दिवसभर चालतो. डब्यात घालून झाकण लावलं की वीस-पंचवीस मिनिटांत प्रोग्रॅम भरकटतो, आणि झाकण काढून गार होऊ दिलं की पुन्हा सुरळीत. डब्यात तुम्ही ५५ अंश मोजले आहेत, प्रोसेसरला बोट लावलं तर चटका बसतो, आणि डेटाशीट मात्र ७० अंशांपर्यंत चालेल असं सांगते. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: जंक्शनचं, म्हणजे चिपच्या आतल्या सिलिकॉनचं, तापमान कसं काढायचं, टायमिंगच्या तक्त्यातले आकडे कुठल्या तापमानाचे धरायचे, आणि कुठला हीटसिंक लावायचा.

तिन्हींची उत्तरं देतो. पण तिसऱ्याचं उत्तर बहुधा ‘प्रोसेसरवर कुठलाच नको’ असं निघेल. डेटाशीटमध्ये तापमान एका पानावर असतं आणि टायमिंग दुसऱ्या पानावर, त्यामुळे ते दोन वेगळे विषय वाटतात. प्रत्यक्षात चिप तापली की तिच्यातल्या ट्रान्झिस्टरमधून जाणारा विद्युतप्रवाह कमी होतो, पुढची कपॅसिटन्स भरायला जास्त वेळ लागतो आणि प्रत्येक सिग्नल थोडा उशिरा पोचतो. तुमच्या डब्यात काही जळत नाहीये. कुठल्या तरी एका मार्गावर काही नॅनोसेकंद कमी पडताहेत, आणि तो मार्ग प्रोसेसरच्या बाहेर असण्याची शक्यता जास्त आहे.

आधी जंक्शनचा हिशोब उरकून टाकू. ८०८५ए-२ ही एनमॉस, म्हणजे जुन्या, जास्त वीज खाणाऱ्या तंत्राची चिप. डेटाशीटमध्ये तिचा कमाल पुरवठा-प्रवाह १७० मिलिअँपिअर दिलेला आहे. ५ व्होल्टला ही ०.८५ वॉट उष्णता झाली. चाळीस पायांच्या प्लॅस्टिक डीआयपी (दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेल्या) पॅकेजचा थीटा-जेए, म्हणजे दर वॉटमागे जंक्शन हवेपेक्षा किती अंश चढतं तो आकडा, साधारण ४० ते ५० अंश प्रति वॉटच्या घरात असतो. ४५ धरला तर जंक्शन भोवतालच्या हवेपेक्षा ३८ अंश वर. डब्यातली हवा ५५, म्हणजे जंक्शन सुमारे ९३. बोटाला पन्नाशीच्या पुढे चटका जाणवायला लागतो, तेव्हा अशी चिप हाताला भाजणं अगदी स्वाभाविक आहे.

आता हेच गणित कंपनीच्या बाजूने करा. डेटाशीट ७० अंश म्हणते ते भोवतालच्या हवेचं तापमान. त्या हवेत बसून चिप स्वतःच्या उष्णतेने आणखी ३८ अंश चढणार हे कंपनीला माहीत आहे, आणि तसं धरूनच टायमिंगची हमी दिलेली आहे. म्हणजे १०८ अंशांच्या आसपासचं जंक्शन हमीच्या आत येतं आणि तुम्ही त्याच्या पंधरा अंश खाली आहात. पुरवठा ५ टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर प्रोसेसर आपला शब्द पाळतो आहे असं धरून चला.

मात्र थीटा-जेएवर फार भिस्त ठेवू नका. तो आकडा एका ठरावीक चाचणी-बोर्डवर, ठरावीक बंद पेटीतल्या स्थिर हवेत मोजलेला असतो. पॅकेजची एकमेकांशी तुलना करायला तो उत्तम, पण तुमच्या डब्यातलं तापमान सांगायला कच्चा. तुमच्या बोर्डवर तांबं किती आहे, शेजारी काय तापतंय, हवा फिरते का, यावर तो सहज बदलतो. नव्या चिपांच्या कागदपत्रांत साय-जेटी नावाचा आकडा (दर वॉटमागे जंक्शन पॅकेजच्या माथ्यापेक्षा किती अंश गरम) सापडला तर तो वापरा. पॅकेजच्या माथ्यावर बारीक तारेचा थर्मोकपल चिकटवायचा, जे तापमान येईल त्यात साय-जेटी गुणिले वॉट मिळवायचे. प्लॅस्टिक पॅकेजला हा आकडा लहान असतो, त्यामुळे चूकही लहान राहते.

तुमच्या वर्णनातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली माहिती म्हणजे ती वीस-पंचवीस मिनिटं. उष्णतेलाही आपली एक गती असते. चिपच्या आतला सिलिकॉनचा तुकडा मिलिसेकंदांत तापतो. पॅकेज स्थिरावायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. डबा, त्यातली हवा आणि बोर्ड मिळून स्थिरावायला मात्र दहा-वीस मिनिटं किंवा अर्धा तास सहज जातो. प्रोसेसर स्वतःच्या उष्णतेने घायकुतीला येत असता तर टेबलावरही पाच मिनिटांत बिघाड दिसला असता. तुमचा बिघाड डब्याच्या गतीने येतोय, म्हणजे डब्यातली प्रत्येक चिप संशयित आहे. स्वतः अजिबात न तापणारा एप्रॉमसुद्धा.

आता दुसरा प्रश्न, आकडे कुठल्या तापमानाचे. खरी मेख इथे आहे. ८०८५ए-२ च्या तक्त्यातले किमान आणि कमाल आकडे ० ते ७० अंश आणि ५ टक्के व्होल्टेज-फरक या पूर्ण पट्ट्यासाठी आहेत. एप्रॉमचेही तसेच, त्याच्या स्वतःच्या तापमान-श्रेणीसाठी. पण ७४एलएस मालिकेतल्या गेटांचे (बोर्डवरच्या साध्या तर्क-चिपांचे) जे कमाल आकडे छापलेले असतात ते २५ अंश आणि नेमक्या ५ व्होल्टचे असतात, आणि साध्या गेटांना भार, म्हणजे ओढायची कपॅसिटन्स, धरलेला असतो फक्त १५ पिकोफॅरडचा. दोन्ही तक्त्यांत ‘कमाल’ हाच मथळा, अटी मात्र वेगळ्या. हे दोन आकडे सरळ एका बेरजेत घातले की हिशोब कागदावर जुळतो आणि डब्यात फसतो. ‘टिपिकल’ नावाच्या रकान्याकडे तर हिशोबाच्या वेळी बघूच नका. ती हमी नव्हे.

तापमानाने किती फरक पडतो याचा अंदाज हवा असेल तर ७४एचसी०० या दुसऱ्या मालिकेतल्या गेटचा तक्ता पाहा, कारण तिथे दोन्ही अटी शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. साडेचार व्होल्टला २५ अंशांचा कमाल विलंब १८ नॅनोसेकंद, आणि ८५ अंशांपर्यंतच्या श्रेणीसाठी २३. साठ अंशांत पाव पटीहून थोडी जास्त वाढ. एलएस मालिकेची अंतर्गत रचना वेगळी, त्यामुळे हे प्रमाण तिला जसंच्या तसं लागू होत नाही. पण गरम डब्यात गेटला छापील आकड्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, हे धोरण तिथेही बरोबर ठरतं.

आता तुमच्या बोर्डचा हिशोब. ८०८५ चं डेटाशीट इतक्या जुन्या चिपसाठी फारच सोयीचं आहे, कारण बहुतेक वेळा क्लॉकच्या आवर्तकाळाच्या सूत्रात दिलेल्या आहेत. आवर्तकाळ टी म्हणू. ५ मेगाहर्ट्झला टी म्हणजे २०० नॅनोसेकंद. पत्ता वैध झाल्यापासून डेटा हजर होईपर्यंत प्रोसेसर अडीच टी वजा १५० इतका वेळ देतो, म्हणजे ३५० नॅनोसेकंद. आरडी (प्रोसेसरचा ‘वाच’ सिग्नल) खाली गेल्यापासून डेटा येईपर्यंत दीड टी वजा १५०, म्हणजे फक्त १५०. वेट स्टेट (प्रोसेसरला एक टी थांबवून ठेवणारी अवस्था) घातलीत तर प्रत्येकीमागे एक पूर्ण टी वाढतो.

एप्रॉमपर्यंत तीन वाटा जातात. खालच्या आठ पत्त्यांची वाट पत्ता धरून ठेवणाऱ्या ७४एलएस३७३ लॅचमधून जाते. त्याचे १८ आणि एप्रॉमचे २५० वजा केले तर ३५० मधून ८२ उरतात. वरच्या पत्त्यांची वाट कुठली चिप निवडायची ते ठरवणाऱ्या ७४एलएस१३८ डिकोडरमधून एप्रॉमच्या सीईवर (चिप निवडणाऱ्या पायावर) पोचते. डिकोडरचे ४१ आणि एप्रॉमचे २५० गेले की ५९ शिल्लक. तिसरी वाट आरडीची. तुमच्या नकाशात आरडी आणि आयओ/एम (मेमरी की इनपुट-आउटपुट, हे सांगणारा सिग्नल) हे दोन्ही ७४एलएस३२ गेटमध्ये जातात, त्यातून मेमरी-रीड सिग्नल तयार होतो आणि तो एप्रॉमच्या ओईवर (डेटा बाहेर सोडायला सांगणाऱ्या पायावर) जातो. १५० मधून गेटचे २२ आणि तुमच्या एप्रॉमचा ओई-विलंब १०० वजा केला तर उरतात २८.

बहुतेक लोक एप्रॉमवर २५० छापलंय, प्रोसेसर ३५० देतोय, चला, शंभर शिल्लक, असं म्हणून इथे थांबतात. तुम्हीही प्रश्नात हाच आकडा दिला आहे. पण अडचण या शंभरात नाही, त्या २८ मध्ये आहे.

आणि ते २८ सुद्धा पूर्ण तुमचे नाहीत. ८०८५ए च्या तक्त्याखाली एक टीप असते, तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही. सगळे आउटपुट-विलंब १५० पिकोफॅरड भारावर मोजलेले आहेत, आणि भार १५० ते ३०० च्या दरम्यान असेल तर दर पिकोफॅरडमागे ०.३० नॅनोसेकंद वाढवा असं ती सांगते. तुमची आरडीची रेघ एलएस३२ ला जाते, ८२५५ ला जाते, ८२५१ ला जाते आणि वर रिबन केबलमधून दुसऱ्या कार्डवर जाते. चिपच्या प्रत्येक इनपुटचे दहाएक पिकोफॅरड, बोर्डवरचा पट्टा, आणि केबलचे मीटरमागे पन्नासच्या आसपास. दुसऱ्या कार्डवर काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी एकूण २०० धरतो. वरचे ५० पिकोफॅरड म्हणजे १५ नॅनोसेकंद. शिल्लक १३.

पुढे डेटा बस, म्हणजे चिपांमधल्या डेटाच्या सामाईक आठ रेघा. एप्रॉमचे आकडे १०० पिकोफॅरड भारावरचे असतात. तुमच्या डेटा बसवर एप्रॉम, रॅम, लॅच, ८२५५, ८२५१ आणि पुन्हा तीच केबल आहे, मध्ये बफर (भार उचलणारी चिप) नाही. मी २२० धरतो. या जादा भाराची किंमत एप्रॉमच्या डेटाशीटमध्ये दिलेली नसते. मी कामात दर पिकोफॅरडमागे ०.१ नॅनोसेकंद धरतो. तो माझा अंदाज आहे, कुणाची हमी नाही. त्याचे १२ गेले, शिल्लक १. आणि एलएस३२ चे ते २२ नॅनोसेकंद २५ अंश आणि १५ पिकोफॅरडवरचे. गरम डब्यात, दोन मेमरी-चिपांचे ओई आणि त्यांच्यापर्यंतचा पट्टा ओढताना त्याला आणखी ५ तरी द्यायला हवेत. शिल्लक आली उणे ४.

उणे ४ असताना बोर्ड टेबलावर दिवसभर चालतो कसा? कारण हातात आलेली चिप सहसा कमाल आकड्यापेक्षा बरीच चपळ असते. खोलीच्या तापमानाला, नेमक्या ५ व्होल्टला, १०० नॅनोसेकंदांची हमी असलेला ओई-विलंब ६५-७० निघणं मुळीच नवलाचं नाही. म्हणजे टेबलावर तुमच्यापाशी तीसएक नॅनोसेकंद उसने आहेत. डबा तापतो तसे एप्रॉम, गेट आणि प्रोसेसर तिघेही आपापला हिस्सा परत घेतात, व्होल्टेज थोडं उतरलं तर तेही घेतं, आणि विसाव्या मिनिटाला खातं रिकामं होतं. याच नकाशाचे आणखी बोर्ड करणार असाल तर एक लक्षात असू द्या: एप्रॉमची दुसरी खेप कमी चपळ निघाली तर तो बोर्ड गार असतानाच भरकटेल, आणि मग लोक सोल्डरिंगला दोष देतील.

हा सगळा कागदावरचा तर्क झाला. तो खरा आहे का ते तीन चाचण्यांत कळेल, आणि तिन्ही बोर्ड तापलेला आणि बिघाड सुरू असताना करायच्या.

पहिली, व्होल्टेज. प्रोसेसरच्या आणि एप्रॉमच्या थेट पायांवर मीटर लावा, रेग्युलेटरच्या तोंडाशी नको. ४.७५ च्या खाली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते सुधारा. ठीक असेल तर पुरवठा ५.२ पर्यंत वाढवून पाहा. ५.२५ च्या वर जाऊ नका. व्होल्टेज वाढवलं की मेमरी आणि प्रोसेसर चपळ होतात. ५.२ ला बिघाड गेला आणि ४.८ ला लवकर आला, तर दुखणं वेळेचंच आहे.

दुसरी, क्लॉक. ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावा. टी २५० होतो आणि आरडीच्या वाटेला २२५ मिळतात, पूर्ण ७५ जास्त. बिघाड गेला तर वेळ कमी पडत होती यावर शिक्कामोर्तब. गेला नाही तर माझा तर्क बाजूला ठेवा आणि रिसेटचं सर्किट, तापून पाय सुटणारे सोल्डर जोड, केबलचा कनेक्टर, पुरवठ्यावरचे जुने कपॅसिटर यांच्याकडे वळा. होल्ड टाइमचा (वाचून होईपर्यंत डेटा टिकून न राहण्याचा) बिघाडही क्लॉक कमी केल्याने जात नाही, पण तो सहसा गार असताना, सिग्नल फार लवकर बदलल्यामुळे येतो. तुमची लक्षणं बरोबर उलटी आहेत. ८२५१ चा बॉड-क्लॉक (सीरियल पोर्टचा वेग ठरवणारा) प्रोसेसरच्या क्लॉकवरून काढलेला असेल तर या चाचणीत सीरियल पोर्टवर कचरा दिसेल, त्याने गोंधळून जाऊ नका.

तिसरी, गार फवारा. झाकण उघडा, गरम बोर्डवर एका वेळी एकाच चिपवर फवारा मारा, शेजारच्या चिपा पुठ्ठ्याने झाका. थोडाच मारा, नाहीतर दव साचून नवाच घोळ होतो. माझ्या हिशोबाप्रमाणे एप्रॉम गार केल्यावर बोर्ड ताळ्यावर यायला हवा, एलएस३२ वर थोडा गुण दिसावा. प्रोसेसर गार केल्यावरही दिसेल, कारण त्याच्याही वेळा सुधारतात. म्हणूनच फक्त प्रोसेसरवर फवारा मारून ‘प्रोसेसर तापतो’ हा निष्कर्ष काढू नका. शिल्लक एकच असते, आणि त्या वाटेवरची कुठलीही चिप गार केली तरी ती वाढते.

ऑसिलोस्कोप असेल तर थेट पाहा. एक प्रोब प्रोसेसरच्या आरडी पायावर, दुसरा प्रोसेसरच्याच एका डेटा पायावर. एप्रॉमच्या पायावर मोजू नका, हमी प्रोसेसरच्या पायाशी पाळायची आहे. आरडीच्या उतरत्या कडेवर ट्रिगर लावा, स्क्रीनवर जुन्या रेघा टिकून राहतील असं ठेवा आणि बोर्ड गार अवस्थेतून तापू द्या. डेटा स्थिर होण्याची जागा मिनिटागणिक उजवीकडे सरकताना दिसेल. १५० च्या रेघेकडे ती कशी सरकते ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की तापमान आणि टायमिंग हे दोन विषय आहेत असं पुन्हा वाटणार नाही. प्रोब दहापटीवर ठेवा. त्याचेही दहा-पंधरा पिकोफॅरड बसवर चढतात, आणि इतक्या काठावरच्या बोर्डवर तेवढ्यानेही बिघाड लवकर येऊ शकतो. प्रोब लावल्यावर बोर्ड लवकर भरकटला तर तीही खूणच समजा.

उपायांत मला सगळ्यात आवडणारा उपाय फुकटचा आहे. तिन्ही वाटांची शिल्लक पुन्हा पाहा: ८२, ५९, २८. एलएस३२ चे २२ नॅनोसेकंद नेमके सगळ्यात अरुंद वाटेवर ठेवलेले आहेत. तो गेट तिथून काढा. प्रोसेसरचा आरडी थेट एप्रॉमच्या आणि रॅमच्या ओईवर न्या, आणि मेमरी की आयओ हा निवाडा डिकोडरवर सोपवा: आयओ/एम हा सिग्नल ७४एलएस१३८ च्या खाली गेल्यावर चालू होणाऱ्या एका एनेबल पायावर द्या. ८०८५ मध्ये आयओ/एम पत्त्याबरोबरच वैध होतो, आणि डिकोडरचा एनेबलपासूनचा विलंब पत्त्यापासूनच्या विलंबाएवढाच, किंबहुना किंचित कमी आहे. म्हणजे ५९ ची वाट ५९ च राहते आणि २८ ची ५० होते. गेटसाठी वाढवलेले ते ५ सुद्धा वाचतात, आणि थेट जोडलेल्या दोन ओईंचा जादा भार दहा-वीस पिकोफॅरडचाच, म्हणजे फार तर सहा नॅनोसेकंदांचा. रॅमचा लिहिण्याचा पाय, डब्ल्यूई, हाही असाच थेट प्रोसेसरच्या ‘लिही’ सिग्नलवरून, म्हणजे डब्ल्यूआरवरून घ्या. ८२५५ आणि ८२५१ यांचे चिप-सिलेक्ट वेगळ्या डिकोडरवरून येत असतील तर तिथे आयओ/एम वर गेल्यावर चालू होणाऱ्या एनेबलवर द्या.

याच बदलाचा आणखी एक फायदा सहसा कोणी मोजत नाही. वाचन संपून आरडी वर गेला की एप्रॉमने बस सोडायला हवी, कारण प्रोसेसर त्याच आठ रेघांवर पुढचा पत्ता टाकणार असतो. त्यासाठी ८०८५ए-२ अर्धा टी वजा १०, म्हणजे ९० नॅनोसेकंद देतो. २५० च्या एप्रॉमला बस सोडायला कमाल ६० लागतात. मध्ये गेट असेल तर ८२ झाले, शिल्लक फक्त ८, आणि गरम झाल्यावर तेही जातात. मग थोडा वेळ दोघेही एकाच रेघेवर बोलतात, पुरवठ्यात झटका बसतो आणि तो झटका तिसऱ्याच ठिकाणी बिघाड दाखवतो. ऑपकोड (सूचनेचा पहिला बाइट) आणताना चौथा टी मध्ये असल्यामुळे धोका नसतो, पण लागोपाठ ऑपरंड (त्यापुढचे बाइट) वाचताना असतो. गेट काढला की शिल्लक ३० होते.

दुसरा उपाय, जास्त चपळ एप्रॉम. १५० च्या २७सी२५६ चा ओई-विलंब ६५ च्या आसपास असतो. एवढ्यानेच ३५ नॅनोसेकंद मिळतात आणि बसही लवकर सुटते. नवा एप्रॉम त्याच सॉकेटमध्ये बसतो, बोर्डला हात लावावा लागत नाही. मी असतो तर आज एप्रॉम बदलून बोर्ड चालता केला असता आणि पुढच्या खेपेच्या बोर्डमध्ये गेट हलवला असता.

वेट स्टेट तिसऱ्या क्रमांकावर. एका वेट स्टेटने आरडीच्या वाटेला १५० ऐवजी ३५० मिळतात, सगळं प्रकरण मिटतं. पण ऑपकोड आणणं चार टी वरून पाचवर जातं, आणि वेग मोजून लिहिलेली विलंबाची आवर्तनं सगळी चुकतात. वेट स्टेट मागणारा रेडीचा सिग्नलही क्लॉकच्या संदर्भात वेळेत पोचवावा लागतो, नाहीतर एक काठावरची वाट सोडवून दुसरी तयार केल्यासारखं होईल. क्रिस्टल कायमचा ८ मेगाहर्ट्झ ठेवण्याला माझा आक्षेप नाही, तुमच्या कामाला वेग पुरत असेल तर तोही प्रामाणिक उपाय आहे.

आता हीटसिंक. प्लॅस्टिक डीआयपीची बरीच उष्णता पायांतून बोर्डवर उतरते, माथ्यावर चिकटवलेल्या छोट्या हीटसिंकने स्थिर हवेत फारसं साधत नाही. शिवाय त्याने उष्णता डब्याबाहेर जात नाही, एप्रॉमभोवतालची हवा तितकीच गरम राहते. तुमच्या फोटोत ७८०५ रेग्युलेटर एप्रॉमच्या अगदी शेजारी दिसतो. त्याला तुम्ही १२ व्होल्ट देता आणि बोर्ड ०.६ अँपिअर घेतो असं लिहिलं आहे. सात व्होल्ट गुणिले ०.६ म्हणजे ४.२ वॉट, प्रोसेसरच्या जवळजवळ पाचपट, आणि तेही सगळ्यात नाजूक वाटेवरच्या चिपशेजारी. डब्यातले ५५ अंश तुम्ही कुठे मोजले यावर बरंच अवलंबून आहे. एप्रॉमजवळची हवा त्याहून गरम असणार. रेग्युलेटर डब्याच्या धातूच्या भिंतीवर नेला किंवा त्याला ९ व्होल्टच दिले तर डब्यातली मुख्य शेगडी आटोक्यात येईल. ९ व्होल्टला त्याचे २.४ वॉटच होतात.

एक सावधगिरी, कारण हे वाचून कुणी आजच्या चिपांना हाच नियम लावेल. ‘गरम म्हणजे संथ’ हे जुन्या, ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपांना चपखल बसतं. तापमान वाढल्यावर दोन गोष्टी घडतात: वाहकांची गतिशीलता घटते, म्हणून ट्रान्झिस्टर संथ होतो, आणि थ्रेशोल्ड व्होल्टेज उतरतं, म्हणून तो लवकर चालू होतो. पुरवठा ५ व्होल्ट असेल तर पहिली गोष्ट वरचढ ठरते. पुरवठा एका व्होल्टच्या खाली, थ्रेशोल्डच्या जवळ गेला की दुसरी वरचढ होऊ शकते, आणि चिप गार असताना जास्त संथ होते. म्हणून आधुनिक प्रोसेसरचं टायमिंग दोन्ही टोकांना तपासतात. तिथे गळतीचा प्रवाहही तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, उष्णतेने गळती आणि गळतीने उष्णता असं चक्र सुरू होतं, आणि म्हणूनच त्या चिपा आपलं तापमान मोजून स्वतःच क्लॉक उतरवतात. ८०८५ मध्ये यातलं काहीच नाही. क्लॉक तुम्ही द्याल तोच, आणि वेळ पाळली गेली नाही तर तो निमूटपणे चुकीचा बाइट उचलून पुढे जातो.

बदल झाल्यावर बोर्ड पास म्हणायच्या आधी पुरवठा ४.७५ वर ठेवा, झाकण लावा, बाहेरून ऊब देऊन एप्रॉमजवळची हवा ६५ अंशांपर्यंत चढवा आणि एप्रॉमची चेकसम (सगळ्या बाइटांची पडताळणीची बेरीज) सतत काढणारा छोटा प्रोग्रॅम दोन तास चालू द्या. मग हीच चाचणी ५.२५ ला, गार डब्यात एकदा करा. दुसरं कार्ड केबलसकट जोडलेलंच असू द्या. तुमच्या आरडीच्या रेघेवर खरा भार किती आहे ते मोजता आलं तर कळवा, २०० पेक्षा जास्त निघाला तर केबलच्या तोंडाशी बफर घालावा लागेल आणि वरचा सगळा हिशोब त्या आकड्याने पुन्हा मांडावा लागेल.